शालनमावशीचं गाऱ्हाणं

दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलं आजारी पडत नाहीत. आजारी पडतात ते त्यांचे आईबाप. डिचोलीच्या बाजारात आमचं औषधांचं दुकान आहे आणि लग्न होऊन आल्यापासून मी त्याच्या काउंटरवर बसते, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकते. फेब्रुवारी संपत आला की एखादा बाप येतो आणि छातीत जळजळतं म्हणतो. त्याच्या मागे उभी असलेली आई डोकेदुखीची गोळी मागते आणि गोळी हातात पडेपर्यंत दोनदा घरी फोन लावून विचारते, "कितें करता रे? वाचता मरे?" मुलगा बहुतेक वेळा गाढ झोपलेला असतो आणि सगळ्या घरात प्रकृती काय ती त्याचीच ठणठणीत असते.

अशाच एका फेब्रुवारीत मी एका आईला स्मरणशक्तीचं टॉनिक दाखवत होते. "मोठी बाटली घ्या, परीक्षा संपेपर्यंत पुरेल," एवढं म्हणते न म्हणते तोच मागून आवाज आला.

"वैनी, ह्या टॉनिक पियाचा कोणी? पोरान काय आवशीन?"

"मुलानं."

"मगे इसारता कोण? परवा ह्या पोराक बसवरसून उतरून घेवक ही बाय इसारली. दोन वाजासर पोर माझ्यावांगडा बसान! बाटली हिका पाजा."

ती बाई लालबुंद झाली आणि बाटली न घेताच निघून गेली. माझं गिऱ्हाईक गेलं म्हणून मला आधी राग आला, मग आतल्या खोलीत जाऊन मी पोट धरून हसले. बोलणारी होती शालनमावशी. माझी लेक ईशा तेव्हा दहावीत होती, आणि पाचवीपासून रोज आमच्या मुळगावातून या बाईच्या ताब्यात शाळेला जात होती.

आमच्याकडे शाळेच्या बसला बालरथ म्हणतात. त्यात एक ड्रायव्हर असतो आणि मुलांना चढवायला-उतरवायला एक मदतनीस बाई. शिरगाव, मुळगाव करत डिचोलीला येणाऱ्या आमच्या बालरथाची बाई म्हणजे शालन. माहेर सीमेपलीकडचं, दोडामार्गाच्या बाजूचं. लग्न होऊन मुळगावात आली तेव्हा नवरा खाणीवर टिपर चालवायचा. खाण थांबली, टिपर गेला, नवरा दुसऱ्याच्या टेंपोवर बसला आणि ही बालरथात चढली. इतकी वर्षं गोव्यात काढली, पण तोंडातली मालवणी काही तिनं सोडली नाही. मुलं तिला 'शाळेची शालन' म्हणायची. अर्थात ती लांब असताना.

उंची जेमतेम पाच फूट. आवाज मात्र असा की बसचा हॉर्न वर्षभर बिघडलेला होता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गणवेशाच्या निळ्या साडीला ती डाव्या खांद्यावर तीन सेफ्टी पिना लावायची. त्यातली एक पदरासाठी आणि दोन वाटेत कुणाचं बटण तुटलं तर. परीक्षेच्या दिवसांत तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत रेघोट्यांनी भरलेला असे. चढणाऱ्या प्रत्येक मुलाची पेनं ती स्वतःच्या हातावर ओढून बघायची. जे उठलं नाही ते खिडकीतून बाहेर. एकदा ड्रायव्हरनं विचारलं, कागदावर का बघत नाहीस? तर म्हणाली, "कागद चुकवता. हात नाय चुकवणा." याचा अर्थ ड्रायव्हरला कळला नाही, मला नाही आणि मला वाटतं तिलाही नसावा.

पण तिचं खरं काम मुलांवर नव्हतंच. ते होतं आमच्यावर, म्हणजे पालकांवर. तिचं ठाम मत होतं की परीक्षेला मुलांना फारसा त्रास होत नाही. तीन तासांचा पेपर असतो, येतं ते लिहायचं आणि उठायचं. त्रास देतात ती घरची माणसं, आणि तीसुद्धा प्रेमानं. म्हणून परीक्षेच्या दिवसांत बालरथाच्या दारात तिचे कायदे चालत. बसमध्ये पुस्तक उघडायचं नाही. पालकानं पायरीवर पाय ठेवायचा नाही. आणि दुपारी मुलं उतरली की पालकानं एकच प्रश्न विचारायचा, "काय खातलंस?" पेपर कसा गेला हे विचारायला संध्याकाळी पाचनंतर परवानगी, तीही मुलानं आपणहून विषय काढला तर. कुणी नियम मोडला की मावशी सगळ्यांदेखत विचारायची, "पेपर कोणाचो? पोराचो मां? मगे तुमका कित्याक घाम फुटता?"

आता गाऱ्हाण्याची गोष्ट. आमच्या भागात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवासमोर गावाच्या वतीनं एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ते गाऱ्हाणं. ते घालतात पुरुष. शालनमावशीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या गावचे गाऱ्हाण्याचे मानकरी. तीन वाड्यांना ऐकू जाईल असा त्यांचा गळा, आणि तो त्यांनी जसाच्या तसा लेकीला दिलेला. तिला ते सगळं लहानपणी ऐकून तोंडपाठ होतं, फक्त म्हणायची सोय नव्हती.

ईशाच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मुळगावच्या तिठ्यावर आम्ही दहा मुलांचे अठरा पालक जमलो होतो. दोघांना सुट्टी मिळाली नव्हती म्हणून, नाहीतर वीस. कुणी दह्याची वाटी घेऊन, कुणी अंगारा घेऊन, आणि आमचे शेजारी सदानंद तर इतिहासाचं पुस्तक घेऊन, पेपर मराठीचा असताना. प्रत्येकजण आपापल्या मुलाला शेवटचं काहीतरी सांगत होता. मुलांचे चेहरे पडलेले. शालनमावशी पायरीवर उभी राहून दोन मिनिटं हे बघत राहिली. मग तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या मुळगावच्या तिठ्यार धा पोरां दहावीच्या परीक्षेक भायर पडलीत रे म्हाराजा!"

आम्ही दचकलो. पण मागच्या सीटवरून एका पोरानं सवयीनं ठोकून दिलं, "व्हय म्हाराजा!"

"तेंचो अभ्यास झालो काय नाय ता तेंका ठावक आणि तुका ठावक. ता आता कोणाच्यान बदलूचा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दहाही जण.

"पण हेंच्या आवशी-बापाशींच्या तोंडाक जी खाज सुटली हा, ती तीन तास बांधून घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

"जी आवस वाटेर इचारता 'सगळा वाचलंस मां', तिच्या फोनाची बॅटरी आत्ताच्या आत्ता उतरान दी रे म्हाराजा! जो बापूस म्हणता शेजाऱ्याच्या पोरीक पंच्याण्णव पडले, तेची सोताची मार्कलिस्ट आज घरच्या माळ्यार गावान दी रे म्हाराजा! मराठीच्या पेपराक जो इतिहास घेवन इलो, तेका निदान वार कळाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला पोरं सीटवर उभी राहिली होती. ईशा इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि महिन्याभरात मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. बालरथ निघून गेला. आम्ही अठरा जण दही, अंगारा आणि इतिहास घेऊन रस्त्यात उभे. सदानंद पुस्तक पाठीमागे लपवत म्हणाले, "बाय मातशी चड्ड उलयता." अतीच बोलते म्हणे! पण घरी जाऊन त्यांनी खरोखर माळा तपासला आणि मार्कलिस्ट तिथे नाही ना याची खात्री करून घेतली, हे त्यांच्याच बायकोनं मला दुकानात सांगितलं.

याच सदानंदांनी चौथ्या दिवशी कहर केला. त्यांच्या मुलाचं नाव प्रथमेश. पोरगा शांत, घाम यायचा तो बापाला. आदल्या संध्याकाळी त्यांनी पोराचं हॉल तिकीट नेऊन देवाच्या पायांशी ठेवलं, सकाळी उचलू म्हणून. सकाळी जातात तर गाभाऱ्याच्या जाळीला कुलूप. पुजारी पहाटेच पूजा उरकून पेडण्याला लग्न लावायला गेलेले, आणि किल्ली त्यांच्या कनवटीला. जाळीतून हॉल तिकीट स्वच्छ दिसत होतं. देव जितका लांब असतो तितकंच लांब.

सदानंद तिठ्यावर धावत आले तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. प्रथमेशच त्यांना धीर देत होता. दुसऱ्या एखाद्या बाईनं शाळेत फोन केला असता. शालनमावशीनंही केला, पण आधी अख्खा बालरथ देवळाच्या दारात नेऊन उभा केला. पुजाऱ्यांची फुलं काढायची लांब काठी भिंतीला टेकून होती. ती तिनं उचलली, जाळीतून आत घालून अंदाज घेतला आणि मग बसकडे वळून विचारलं, "चिंगम कोणाच्या तोंडात आसा?"

बसमध्ये चिंगमला सक्त बंदी होती. कुणी हलेना.

"अरे, मारणंय नाय! आज देवाच्या कामाक व्हया!"

सात हात वर झाले. त्यातला एक ईशाचा होता. सातही चिंगमांचा गोळा काठीच्या टोकाला बसला, काठी जाळीतून आत सरकली आणि बसमागून धावत आलेले आम्ही पालक बघत राहिलो. पहिल्या खेपेला जास्वंदीचं फूल आलं. दुसऱ्या खेपेला हॉल तिकीट, अलगद, जाळीपर्यंत. मावशीनं ते सोडवून घेतलं, चप्पल काढून हात जोडले आणि म्हणाली, "म्हाराजा, चोरी नाय हां. आमचाच आसा." तिकिटावरच्या प्रथमेशच्या फोटोला कपाळावर बरोब्बर मधोमध गंध लागलं होतं. पर्यवेक्षकांनी काही विचारलं नाही. सदानंदांनी मात्र त्यानंतर कुठल्याही कागदाला देव दाखवला नाही.

इथवर मी दुसऱ्यांना हसले. आता माझी पाळी.

गणिताच्या पेपरच्या दिवशी ईशा बसमधून उतरली आणि मी मनात घोकून ठेवलेलं "काय खातलंस" म्हणायच्या ऐवजी तोंडातून निघालं, "शेवटचं गणित सुटलं?" मावशी पायरीवरून माझ्याकडे बघत होती, ती नजर अजून आठवते. घरी जाऊन मी आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रश्नपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ईशाला सगळी गणितं पुन्हा सोडवायला बसवलं, म्हणजे किती पडतील ते कळेल. सातव्या प्रश्नाला ती उठली, न्हाणीघरात गेली आणि तिनं आतून कडी लावली. अर्धा तास झाला, तासभर झाला. मी दारावर थापा मारल्या, गोड बोलले, रागावले, शेवटी रडले. आतून एकच उत्तर, "तू वच," म्हणजे जा.

मी शालनमावशीला फोन केला. ती संध्याकाळी पाचला आली, फाटकाशी चप्पल काढली, सरळ न्हाणीघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "ईशा, बाय माझे, दार उघड. माका जावचा आसा."

कडी हलली नाही.

"गो, खरांच जावचा आसा! शिरगावच्या पोरांका सोडून धावत इलंय. तुका रडाचा असात तर मगे रड, माझा झाल्यार."

कडी निघाली. लाल डोळ्यांची ईशा बाहेर आली, मावशी आत गेली. ती बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, काय शक्कल काढलीत! तर ती म्हणाली, "शक्कल कसली? माका खरांच जावचा हुता." तेवढ्यात रस्त्यावर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला. मावशीनं ईशाला गरम उंडे आणायला पाठवलं, आणि माझ्याकडे बघून प्रश्नपत्रिकेची चार घड्यांची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं.

चहात उंडे बुडवून खाताना ईशानं विचारलं, "मावशे, तुका गणितांत कितले पडले?"

"सत्तावीस," मावशी म्हणाली. "नापास."

आणि मग तिनं हसत हसत सगळं सांगितलं. दहावीला बाकी सगळं सुटलं होतं, फक्त गणित राहिलं. तिला परत बसायचं होतं. आबांनी ठरवलं, देवाला विचारू. आमच्याकडे देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला पाण्यानं फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शेत, लग्न, गुरं, सगळं असंच विचारतात. आबांनी विचारलं, चेडवाला, म्हणजे पोरीला, परत परीक्षेला बसवू का? डावी पडली.

"मगे?" ईशानं विचारलं.

"मगे काय? लगीन." तिनं उंड्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "देवाचो राग नाय माका. देवाक बिचाऱ्याक कोणी सांगलाच नाय की फकत आठ मार्क कमी पडले म्हणान. आबांनी नुसताच इचारल्यानी, बसवू काय? आठ मार्कांची गजाल देवाक कळतली कशी?"

आम्ही हसलो, कारण ती हसत होती. पण तीस वर्षं झाली होती, आणि तिला ते आठ मार्क तोंडपाठ होते.

ही गजाल ईशानं पोटात ठेवली नाही. शालनमावशीची लेक मनाली मोपाच्या विमानतळावर कामाला आहे. या दोघींचं फोनवर काय ठरलं देव जाणे, पण पुढच्या वर्षी खाजगी विद्यार्थी म्हणून शालनमावशीचा दहावीचा फॉर्म भरला गेला, जुने मार्क चालत नसल्यामुळे सगळ्या विषयांचा. सही तिचीच होती. कसलातरी विम्याचा कागद म्हणून मनालीनं ती घेतली होती. कळल्यावर मावशी तीन दिवस लेकीशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, "गणिताचा पुस्तक खंय आसा?"

मग जी धमाल झाली ती डिचोलीनं बघितली आहे. इतकी वर्षं सगळ्या पालकांना वठणीवर आणणाऱ्या बाईच्या घरी पालक तयार झाला होता, आणि तो पालक होता मनाली. तिनं भिंतीवर वेळापत्रक लावलं. टीव्हीचा रिमोट ती कामावर जाताना पर्समध्ये घालून नेऊ लागली. पहाटे बदाम, रात्री दूध. विमानतळावरून दर दोन तासांनी फोन, "आई, वाचतंस मां?" एका दुपारी शालनमावशी माझ्या काउंटरवर येऊन कोपरं टेकून उभी राहिली.

"वैनी, ता टॉनिक अजून इकतास?"

"कुणाला? तुम्हाला?"

"नाय गो. माझ्या चेडवाक. ता इसराचा कायतरी औषध असात तर बघा. माका परीक्षा आसा, ही गजाल तिणा दोन म्हैने इसरान जावक व्हयी."

गणित शिकवलं ते बालरथातल्या पोरांनी. बसमध्ये पुस्तक उघडायचं नाही हा कायदा तिनं स्वतःसाठीही मोडला नाही, म्हणून सगळं तोंडी. एक्स हे प्रकरण तिच्या डोक्यात शिरेना. "जो दिसणा नाय तेचो हिशोब मी कित्याक करू?" म्हणायची. शेवटी सातवीतल्या एका शिरगावच्या पोरीनं सोडवलं. "मावशे, आमच्या बसमध्ये पोरां किती?" "चौतीस." "आज किती चढली?" "एकतीस." "मग?" "मगे तीन आजारी." "तोच एक्स!" मावशी दोन थांबे बोटांवर मोजत राहिली. मग जोरात म्हणाली, "म्हणजे मी रोजच एक्स काढतंय की गो!" त्या दिवसापासून गैरहजर पोराला ती 'आजचो एक्स' म्हणू लागली. मुलं मुद्दाम दांड्या मारू लागली, मावशीला सराव व्हावा म्हणून.

गणिताच्या पेपरच्या सकाळी मी आणि ईशा तिठ्यावर गेलो. बाकीचे पेपर तिनं हसतखेळत दिले होते. त्या दिवशी मात्र ती मजूर बसतात त्या कट्ट्यावर बसली होती, रजेवर असल्यामुळे लाल साडीत, आणि उठायला तयार नव्हती. बालरथ आला होता. दहावीची नऊ पोरं खिडक्यांतून हाका मारत होती. मनाली रडकुंडीला आली होती.

"माका येवचा नाय," मावशी म्हणाली. आवाज इतका बारीक की आधी मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "बाकीचा झाला ता झाला. ह्या नको. माझ्या नशिबात नाय ता नाय."

मी तिला काय सांगणार? तिनंच आम्हाला गप्प बसायला शिकवलं होतं. मला मनापासून भीती वाटली की ही बाई आता खरंच घरी जाईल.

तेवढ्यात दोडामार्गाकडून आलेल्या गाडीतून एक म्हातारा उतरला. पांढरा लेंगा, टोपी, हातात काठी. ऐंशीच्या घरातले आबा, गावातून एकटे आले होते. शालनमावशीनं त्यांना बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"आबा," ती म्हणाली, "देवळात गेल्लास?"

"गेल्लंय."

"कौल लायलास?"

म्हाताऱ्यानं काठी दोन्ही हातांत धरली. तीन वाड्यांना ऐकू जाणारा तो गळा, पण ते अगदी हळू बोलले.

"इचारूक नाय गेलंय, शालू. सांगूक गेलंय. म्हटलंय, म्हाराजा, तेवा आठ मार्कांचा तुका सांगूक मी इसारलंय. चूक तुजी नाय, माजी. आज चेडू बसताहा. तू फकत आयक."

मी तर उघडउघड रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही. शालनमावशीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, उठली आणि आबांच्या दंडाला धरून म्हणाली, "चला. उशीर झालो." त्यांना तिनं आधी बसमध्ये चढवलं. पालकानं पायरीवर पाय ठेवायचा नाही हा नियम त्या दिवशी कुणालाही आठवला नाही.

निकाल लागला तेव्हा तिला गणितात एक्केचाळीस पडले. आता ती शाळेच्या वाचनालयात मदतनीस आहे आणि तिथे मुलांपेक्षा जास्त ओरडते, असं ऐकते. पण मला ती डोळ्यांपुढे दिसते ती त्या सकाळची, परीक्षाकेंद्राच्या गेटवरची. मी आणि ईशा स्कूटरनं बसच्या मागोमाग पोचलो होतो. गेटाबाहेर नेहमीचा पालकांचा बाजार भरलेला. रोजचा शिपाई त्या दिवशी नव्हता, त्याच्या जागी एक नवा तरणा मुलगा होता. पोरं एकेक करून आत गेली. त्यांच्या मागून शालनमावशी निघाली तशी त्यानं हात आडवा घातला.

"बाय, पालकांक भितर सोडिनांत. तुमी भायर रावात."

शालनमावशीनं हॉल तिकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि हनुवटीनं मागे दाखवलं. आबा गेटाबाहेरच्या पायरीवर बसले होते.

"पालक तो थंय बसलो हा, टोपयेवालो," ती म्हणाली. "मी पोर."

शिपायानं फोटो पाहिला, तिला पाहिलं आणि हात बाजूला घेतला. आत पहिली घंटा झाली. शालनमावशी निऱ्या सावरत, पोरांच्या मागून धावत सुटली.